चेंडू परतवणारा जोडीदार : भिंत की जाळी?

लॅक्रॉस हा उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांचा खेळ. टोकाला जाळीची झोळी असलेल्या काठीने चेंडू झेलायचा आणि फेकायचा. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो खेळला जाणार आहे. घरी एकट्याने सराव करण्यासाठी हे खेळाडू चौकटीत ताणलेली जाळी वापरतात. सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावरील नरडाण्यातल्या मुलाला एकट्याने झेल घ्यायचे असतील, तर त्याच्यापुढेही हाच प्रश्न येतो : भिंत बरी की जाळी?

सिमेंटच्या भिंतीवर आपटलेला चेंडू स्वतः दबतो आणि पुन्हा फुगतो. यात काही ऊर्जा उष्णतेच्या व आवाजाच्या रूपाने निघून जाते. टेनिसचा प्रमाणित चेंडू २५४ सेंमीवरून काँक्रीटवर सोडला, की १३५ ते १४७ सेंमी उसळतो. उंचींच्या गुणोत्तराचे वर्गमूळ म्हणजे वेगांचे गुणोत्तर. ते येथे सुमारे ०.७५ येते. जाळीवर मात्र चेंडू कमी दबतो, ताणलेले रबर अधिक दबते. रबर घट्ट असेल तर बरीच ऊर्जा परत मिळते. जाळी सैल असेल तर ती झोके घेण्यातच संपते.

आता थोडे गणित करू. मुलाने ३ मीटरवरून सेकंदाला १२ मीटर वेगाने चेंडू फेकला, तर तो सुमारे ९ मीटर वेगाने, म्हणजे ०.३३ सेकंदात परत येतो. डोळ्यांनी पाहून हालचाल सुरू करायलाच साधारण ०.२ सेकंद लागतात. म्हणून नवशिक्याने अधिक लांब उभे राहावे किंवा हळू फेकावे. जाण्यायेण्याच्या ०.५८ सेकंदांत गुरुत्वाकर्षणामुळे चेंडू सुमारे १.६ मीटर खाली येतो. छातीच्या उंचीवरून आडवा फेकलेला चेंडू हातात येण्याआधीच जमिनीला लागेल! भिंतीवर तो थोडा वर मारावा लागतो. जाळी मात्र मागे कलवता येते. आरशाच्या नियमाप्रमाणे १० अंश कलवली, तर चेंडूचा मार्ग सुमारे २० अंशांनी वळतो.

वर्गात हा प्रयोग करा. बांबूच्या चौकटीला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी नायलॉनची जाळी ताणून बांधा. चौकट दोन बाकांवर आडवी ठेवा. २ मीटरवरून चेंडू आधी फरशीवर, मग जाळीवर सोडा. प्रत्येकी पाच वेळा उसळी मोजून सरासरी काढा. पट्ट्या घट्ट व सैल करूनही पाहा. खानदेशात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तापलेले रबर अधिक उसळते, म्हणून सकाळची आणि दुपारची मापे वेगळी लिहा.

निवड यावरूनच ठरवावी. टेनिसचा चेंडू असेल, तर पक्की भिंत पुरेशी आहे आणि तिला खर्च नाही. मातीची भिंत मात्र टाळावी. ती उसळी खाते आणि स्वतःही ढासळते. लॅक्रॉसचा चेंडू भरीव रबराचा, सुमारे १४५ ग्रॅमचा, म्हणजे टेनिसच्या चेंडूच्या अडीचपट जड असतो. तशा चेंडूसाठी जाळीच हवी, आणि तिच्यामागे खिडकी किंवा रस्ता नसावा.