परवाना फेरीवाल्याचा, भाडे धनकोचे

दिल्लीत जनपथ असो की मुंबईत दादर, पदपथावरच्या चार हात जागेचे मोल अनेकदा तिच्यावर मांडलेल्या मालाहून अधिक असते. जागेला असे मोल आले की तिचा व्यवहार होणारच. तो रोखण्याचा प्रयत्न २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने केला. परंतु शिक्षा कोणाला करावयाची, या प्रश्नाशी येऊन तो अर्ध्या वाटेवर थांबला.

सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये पदपथावरील विक्रीला व्यवसायस्वातंत्र्याचे संरक्षण दिले आणि त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही राज्याला दिली. पुढे पंचवीस वर्षांनी कायदा आला. त्याच्या कलम ५ नुसार विक्रेत्याने व्यवसाय स्वतः वा कुटुंबीयामार्फतच करावयाचा असतो. प्रमाणपत्र किंवा जागा कोणत्याही प्रकारे, अगदी भाड्यानेही, दुसऱ्याकडे देता येत नाही. अटीचा भंग झाल्यास कलम २८ नुसार दोन हजार रुपयांपर्यंत दंड होतो. शिवाय कलम १० नुसार, म्हणणे ऐकून घेऊन, प्रमाणपत्र निलंबित वा रद्द करता येते.

हेतू रास्त आहे. गरिबाला मिळालेला हक्क बाजारात विकला जाऊ नये, हे कोणीही मान्य करील. मात्र हे घाव कोणावर पडतात? कलम २८ चा रोख केवळ ‘पथविक्रेत्या’वर आहे. दहा जागा दहा नावांवर ठेवून त्यांचे भाडे खाणारा धनको पदपथावर कधी उभाच राहत नाही. त्यामुळे या कलमाच्या कक्षेत तो येत नाही. प्रमाणपत्र मात्र ज्याचे जाते, त्याला कायद्याच्याच अटीनुसार उपजीविकेचे दुसरे साधन नसते.

स्थलांतरिताची अडचण याहून वेगळी आहे. विक्रेत्याचा मृत्यू, कायमचे अपंगत्व वा आजारपण अशा प्रसंगी पती, पत्नी किंवा अवलंबून असलेल्या अपत्याला त्याच्या जागी बसता येते. पण ज्याचे बिऱ्हाड गावीच आहे, तो सुगीसाठी दोन महिने जागा गाववाल्याच्या हवाली करून गेला, तर तो अटभंगाच्या आरोपाला पात्र ठरतो. नाइलाज आणि नफेखोरी यांना एकच माप लावणे न्यायाचे नव्हे.

यावर उपाय अवघड नाही. अल्पकाळच्या बदली विक्रेत्याची नगर पथविक्रेता समितीकडे नोंद करण्याची तरतूद व्हावी. या समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात. कोणाची गरज खरी, हे त्यांना कार्यालयातील बाबूपेक्षा अधिक ठाऊक असते. सुनावणीत भाडे कोणाच्या खिशात गेले, याचाही शोध घ्यावा आणि त्याला दंडाच्या कक्षेत आणावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पाच वर्षांतून किमान एकदा करावयाचे सर्वेक्षण वेळेवर व्हावे. ते जिथे रखडते, तिथे अधिकृत जागा दुर्मीळ होतात आणि प्रत्येक प्रमाणपत्राचा भाव चढतो. हा काळाबाजार पदपथावर दिसत असला, तरी त्याचे मूळ पालिकेच्या फायलीत असते.