पेरणारा निघून गेला होता

बोटीच्या इंजिन रूममध्ये आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला टॉर्पेडोपेक्षा पाणसुरुंगाचा राग जास्त येतो. टॉर्पेडो सोडणारा निदान समोरची बोट बघतो. तिचा झेंडा ओळखतो, मनात आलं तर हात आवरतो. सुरुंग पेरणारा मात्र पेरून निघून जातो. पुढे त्यावर कोण येतंय हे बघायला तिथे कुणीच उरत नाही. पहिल्या महायुद्धातल्या ‘यू-७३’ या जर्मन पाणबुडीच्या कारकिर्दीत हे जितकं लख्ख दिसतं, तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

डान्झिगच्या, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या सरकारी गोदीत ती बांधली गेली आणि ऑक्टोबर १९१५ मध्ये नौदलात दाखल झाली. लांबी जेमतेम ५७ मीटर, माणसं ३२, पोटात ३४ सुरुंग. पाण्यावरचा वेग साडेनऊ नॉटच्या आसपास, आणि इंजिनं सतत कुरकुरणारी. मोठ्या प्रवासी बोटी तिला सहज मागे टाकत. पण पाठलाग हे तिचं काम नव्हतंच. शत्रूच्या वाटेवर गुपचूप जायचं, मागच्या दोन नळ्यांतून सुरुंग सोडायचे आणि परतायचं, एवढंच तिचं काम.

हे सुरुंग कसे चालत? सुरुंग आणि त्याचा जड नांगर जोडीने पाण्यात पडत. नांगर तळाशी बसे आणि आत हवा असलेला सुरुंग दोराला बांधलेल्या अवस्थेत वर येऊन पृष्ठभागाखाली काही मीटरवर थांबे. त्याच्या अंगावर शिशाची मऊ शिंगं असत. प्रत्येक शिंगात आम्लाची काचेची नळी. बोटीचा धक्का बसला की शिंग वाकतं, काच फुटते, आम्ल खालच्या बॅटरीत उतरतं, वीज तयार होते आणि दारू पेटते. इतकी साधी रचना, की बिघडायला त्यात फारसं काही नाही. म्हणूनच आठवडे, महिने तो सुरुंग तसाच वाट बघत राहतो.

एप्रिल १९१६ मध्ये कप्तान गुस्टाव झीस ही पाणबुडी घेऊन भूमध्य समुद्रात आला. वाटेत माल्टाजवळ त्याने सुरुंग पेरले. २७ एप्रिलला ‘रसेल’ ही ब्रिटिश युद्धनौका त्यावर आदळली आणि सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. त्याच सुरुंगांनी ‘एगुसा’ही बुडाली. ही चहावाल्या सर थॉमस लिप्टन यांची जुनी यॉट, युद्धासाठी नौदलाने घेतलेली.

२८ ऑक्टोबरला झीसने ग्रीसमधल्या केआच्या सामुद्रधुनीत सुरुंगांची रांग लावली. पिरेयसला जाताना मी त्या वाटेने गेलो आहे. एका अंगाला मॅक्रोनिसोस, दुसऱ्या अंगाला केआ, दोन्ही बेटं उघडीबोडकी, आणि मधून बोटींची रोजची ये-जा.

१४ नोव्हेंबरला तिथे ‘बुर्दिगाला’ ही फ्रेंच बोट बुडाली. ती मुळात ‘कायझर फ्रीडरिश’ नावाची जर्मन प्रवासी बोट. ठरलेला वेग गाठता न आल्याने तिच्या मालकांनी ती नाकारली होती आणि पुढे ती फ्रेंचांनी घेतली. तिचा जन्मही डान्झिगचाच. एकाच गावच्या कारागिरांनी घडवलेल्या बोटीला त्याच गावच्या पाणबुडीच्या सुरुंगाने बुडवलं.

आठवड्याने, २१ नोव्हेंबरला, ‘ब्रिटानिक’ आली. टायटॅनिकची धाकटी बहीण, ४८ हजार टनांची. रंग पांढरा, कडेने हिरवा पट्टा, त्यावर मोठाले लाल क्रॉस. प्रवाशांना घेऊन ती कधी निघालीच नाही, युद्धाने तिचं तरंगतं इस्पितळ केलं होतं. लेम्नॉस बेटावरच्या मुद्रोसहून जखमी सैनिक आणायला ती निघाली होती. सकाळी ८ वाजून १२ मिनिटांनी पुढच्या भागात स्फोट झाला.

टायटॅनिकच्या धड्यानंतर ‘ब्रिटानिक’ला दुहेरी भिंत दिली होती, आडव्या जलरोधक भिंती उंच नेल्या होत्या. मग ती ५५ मिनिटांत कशी बुडाली? आठ वाजता वॉच बदलतो. एक पाळी वर येते, दुसरी खाली उतरते, आणि त्यासाठी बॉयलर रूमची जलरोधक दारं उघडी ठेवलेली असतात. त्यातलं मोक्याचं एक दार स्फोटानंतर बंदच झालं नाही. वरच्या वॉर्डांत हवा खेळावी म्हणून परिचारिकांनी पोर्टहोल उघडले होते. बोट कलली तसं पाणी तिथूनही आत शिरलं. कॅप्टन बार्टलेट यांनी ती केआच्या उथळ पाण्यात टेकवायची धडपड केली, पण पुढे जाताना पाणी आणखी जोराने भरत गेलं. परवानगीआधी सोडलेल्या दोन होड्या फिरत्या प्रोपेलरकडे ओढल्या गेल्या. हजाराहून अधिक माणसांपैकी ३० दगावली, त्यांतली बहुतेक तिथेच. टायटॅनिकमधून वाचलेली व्हायोलेट जेसप याही वेळी पाण्यात उडी टाकून वाचली.

स्फोट झाला तेव्हा सुरुंग पेरून चोवीस दिवस झाले होते. दोनच दिवसांनी ‘ब्रेमर कॅसल’ या इस्पितळ-बोटीलाही तिथेच धक्का बसला. पुढे पोर्ट सईदसमोर ‘यू-७३’च्या सुरुंगांनी ‘पेरेस्वेत’ ही रशियन युद्धनौका बुडवली. मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या बोटींची हीच वाट. जर्मनीचा पराभव दिसू लागला तेव्हा, ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस, पोला बंदरात जर्मनांनी ही पाणबुडी स्वतःच बुडवली.

याच पाणबुडीवर १९१६ मध्ये मार्टिन नीमोलर नावाचा तरुण अधिकारी होता. पुढे तो पाद्री झाला. सुरुवातीला त्याने नाझींना पाठिंबा दिला, मग चर्चवरच्या त्यांच्या सक्तीला विरोध केला आणि १९३७ ते १९४५ ही वर्षं कैदेत काढली. म्हातारपणी तो युद्धविरोधी चळवळीत उतरला. १९६१ मध्ये दिल्लीत भरलेल्या जागतिक चर्च परिषदेत त्याची एक अध्यक्ष म्हणून निवड झाली. माणूस बदलू शकतो. त्याने पेरायला मदत केलेला सुरुंग बदलत नाही.

१९८७ साली इराण-इराक युद्धात आखातात सुरुंग पेरले गेले, तेव्हा मी टँकरवर होतो. आमचे दोन खलाशी दिवसभर पुढच्या टोकाला उभे राहून पाण्यावर नजर ठेवत. त्याच जुलैत ‘ब्रिजटन’ हा टँकर सुरुंगावर गेला आणि त्याला संरक्षण द्यायला आलेल्या अमेरिकन युद्धनौका पुढचं अंतर त्याच्या मागून गेल्या. सुरुंगासमोर बंदुका आणि हुद्दे किती उपयोगी पडतात, हे त्या दिवशी सगळ्या जगाने पाहिलं.

याला कायदा नाही असं नाही. १९०७ च्या हेग कराराने दोर तुटताच निकामी न होणाऱ्या सुरुंगांवर बंदी घातली आणि युद्धानंतर आपापले सुरुंग काढायची जबाबदारी ज्याच्या त्याच्यावर टाकली. पण त्यात एक पळवाट राहिली: शत्रूच्या बंदरासमोर सुरुंग पेरायला मनाई आहे ती ‘केवळ’ व्यापारी बोटी अडवण्याच्या हेतूने पेरले तर. युद्धनौकांचंही नाव घेतलं की वाट मोकळी. शंभर वर्षं उलटून गेली, ती ओळ अजून तशीच आहे. जमिनीवरच्या माणूसविरोधी सुरुंगांवर बंदी आणणारा स्वतंत्र करार अनेक देशांनी १९९७ मध्ये केला. समुद्रावर पोट भरणाऱ्या लाखो खलाशांसाठी, त्यांत आपल्या कोकणातलेही आले, तसाच करार व्हायला हवा. त्याची सुरुवात त्या ओळीतला ‘केवळ’ हा शब्द खोडण्यापासून करावी.