देहाबाहेरचा अनुभव

‘मी छताजवळ तरंगत होतो, खाली पलंगावर मीच झोपलेलो दिसत होतो.’ असं कुणी सांगितलं की ऐकणारे म्हणतात, आत्मा बाहेर पडला; नाहीतर, डोकं फिरलं. पण सांगणारा खोटं बोलत नसतो आणि वेडाही नसतो. स्टेशनात शेजारची गाडी सुटली की आपलीच हलली असं वाटतं, तसंच हे. डोळे, त्वचा आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा यांचे निरोप जुळवून मेंदू ‘मी इथे आहे’ हे ठरवतो. जुळणी चुकली की ‘मी’ची जागा सरकते. याचं एक उदाहरण: जिनिव्हात मेंदूशास्त्रज्ञ ओलाफ ब्लांके यांच्या चमूने एका अपस्माराच्या (फिट येण्याचा आजार) रुग्ण स्त्रीच्या मेंदूत, उजव्या बाजूला एका ठरावीक जागी, वीजप्रवाह सोडला. २००२मध्ये त्यांनी तिचा अनुभव प्रसिद्ध केला: वरून ती स्वतःला पलंगावर पाहत होती, पण दिसत होते फक्त पाय आणि धडाचा खालचा भाग.