दारात आलेला रानटर्की

बोस्टनच्या उपनगरात नव्याने राहायला गेलेल्या माणसाला वसंतात एक पाहुणा हमखास भेटतो. आठ-दहा किलोचा रानटर्की नर, शेपटीचा पंखा फुलवून, गळ्याखालची लाल झालर हलवत तुमच्या गाडीच्या दारावर चोची मारत असतो. राग गाडीवर नसतो. चकचकीत पत्र्यात दिसणारा दुसरा नर त्याला खपत नाही. पत्रा किंवा काच झाकली की भांडण बहुधा मिटते.

जंगलतोड आणि शिकार यांमुळे बोस्टन ज्यात येते त्या मॅसॅच्युसेट्स राज्यातून हा पक्षी 1851 च्या सुमारास नाहीसा झाला होता. 1972-73 मध्ये न्यूयॉर्क राज्यातून 37 पक्षी आणून बर्कशायरच्या डोंगराळ भागात सोडले. आज मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांची संख्या 30,000 च्या वर आहे. वस्तीत त्यांचे छान चालते: हिरवळीत किडे, ओकची फळे, पाखरांसाठी टांगलेल्या डब्यांखाली सांडलेले दाणे आणि रात्री झोपायला उंच झाडे. होय, एवढे धूड झाडावरच झोपते!

टर्कींच्या कळपात मानाची उतरंड असते आणि माणसालाही ते त्यात बसवतात. घाबरून मागे सरकलात, की तुमचा नंबर खाली. म्हणून पळू नका. हात पसरून ओरडा, झाडू उगारा, नाहीतर पाण्याचा फवारा मारा. मुलांना आणि म्हाताऱ्यांना मात्र एकटे सोडू नका.

आणि कौतुकाने पोळीचे तुकडे टाकणे आजच बंद करा. टर्कींची भीड चेपते ती तिथूनच.