डबीतलं शून्य

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या आश्रमात एक जुना टेलिफोन जपून ठेवला आहे. गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी तो बसवून घेतला होता. त्या काळात बहुतेक ठिकाणी दोन फोन एकमेकांना जोडून देण्याचं काम एक्स्चेंजमधले ऑपरेटर हातानं करत. वायरीच्या टोकाचा पितळी प्लग उचलायचा आणि फळीवरच्या जॅकमध्ये खुपसायचा. १८७८मध्ये अमेरिकेत व्यावसायिक एक्स्चेंज सुरू झाली आणि त्या सुमारासच हे प्लग आले. ऑपरेटर गेले, फळ्या गेल्या. पाव इंची प्लग मात्र टिकला, आणि आज तो इलेक्ट्रिक गिटारच्या केबलीला असतो. वर्ध्यातलं कुणी घरी फझ पेडल, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणारी पायाशी ठेवायची डबी, बांधत असेल, तर त्याच्या सोल्डरिंगच्या टोकाखाली त्याच घराण्यातला जॅक असतो.

आणि काय हुशार वस्तू आहे ही! पेडलला सिग्नल येतो मोनो, पण इनपुटला जॅक लावतात स्टिरिओ. त्याला तीन पट्ट्या असतात. टोकाच्या पट्टीला सिग्नल, बुडाच्या पट्टीला ग्राउंड, आणि मधल्या पट्टीला बॅटरीची काळी वायर. मोनो प्लगचं बूड लांब असतं. प्लग आत गेला की ते मधल्या आणि बुडाच्या पट्टीला एकदमच टेकतं, बॅटरीचं सर्किट पूर्ण होतं आणि पेडल जागं होतं. वेगळा स्विच लागतच नाही. केबल तशीच खोचलेली राहिली की बॅटरी का संपत राहते, याचंही उत्तर यातच आहे.

आता हे सर्किट ज्यात बसतं त्या ॲल्युमिनियमच्या डबीकडे वळू. गिटारचा सिग्नल इवलासा असतो, आणि फझ त्याला शेकडो पटींनी फुगवतं. त्याच वेळी घरातल्या भिंतीतली वायरिंग सेकंदाला ५० आवर्तनांनी थरथरत असते. वर्ध्यावरून जाणाऱ्या रेल्वेच्या २५,००० व्होल्टच्या तारेतही हीच ५०ची लय आहे. उघड्या सर्किटला ती ऐकू येते, आणि अँपमधून घूंऽऽ निघतं. गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, त्याच्याही खालचा हा सूर. फझमधला ट्रान्झिस्टर कधीकधी मिडियम वेव्हचं रेडिओ स्टेशनसुद्धा पकडतो, जुन्या क्रिस्टल सेटसारखा!

मायकेल फॅरडेनं १८३६मध्ये धातूनं मढवलेली खोली बांधून दाखवलं होतं, की बाहेरून कितीही विद्युतभार चढवला तरी आत त्याचा मागमूस नसतो. पेडलची डबी म्हणजे खिशात मावेल अशी तीच खोली. चुंबकी गुणगुण मात्र पातळ ॲल्युमिनियमला फारशी अडवता येत नाही. तिच्यासाठी गिटारवर उलट्या वेटोळ्यांच्या दोन कॉइलींचा हंबकर पिकअप लागतो.

डबीनं काम करावं तर ती सर्किटच्या शून्याला, म्हणजे ग्राउंडला, जोडलेली हवी. साधारणपणे जॅकचा नटच ते काम करतो. जॅकचं बूड नटातून डबीला टेकतं. पण पावडर कोटिंग वीज जाऊ देत नाही, म्हणून भोकाच्या आतल्या बाजूचा रंग खरवडून धातू उघडा करावा लागतो. काही जण दोन्ही जॅकच्या बुडांमध्ये आणखी एक वायर टाकतात. मला ती पद्धत आवडते, कारण नट सैल झाला तरी शून्य तुटत नाही. अडॅप्टरच्या सॉकेटचं उलटं आहे. बहुतेक पेडलांत मधली पिन ऋण आणि बाहेरची कड धन असते. ती कड डबीला टेकली की थेट शॉर्ट. म्हणून तिथं प्लॅस्टिकच्या अंगाचंच सॉकेट घ्यावं.

आणि हे शून्य डबीत थांबत नाही. केबलच्या जाळीतून ते एका बाजूला गिटारच्या तारांपर्यंत, म्हणून वाजवणाऱ्याच्या बोटांपर्यंत पोचतं. तारांना हात लावला की घूं कमी होतं, ते यामुळेच. दुसऱ्या बाजूला ते अँपच्या सांगाड्यातून, तीन पिनी प्लगच्या जाड पिनेतून, घराच्या अर्थिंगमधून थेट जमिनीत उतरतं. वर्ध्याच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात. माती सुकली की अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्यात पाणी ओततात. एखाद्या मुलाच्या हातातली तार आणि अंगणातला तो खड्डा एकाच शून्यावर उभे असतात, हे कळल्यापासून मला पेडल निव्वळ खेळणं वाटत नाही.

तीच जाड पिन काही जण घूं घालवायला मोडून टाकतात. तसं कधीही करू नये. अँपमध्ये बिघाड झाला, तर २३० व्होल्ट याच तारांवरून बोटांत येतील. घूं राहिलंच, तर मल्टिमीटर घ्या, एक टोक जॅकच्या बुडाला आणि दुसरं डबीच्या झाकणाला लावा. रोध जवळजवळ शून्य दिसत नसेल, तर अजून कुठंतरी रंग खरवडायचा राहिला आहे.