सत्तर रुपये, पण कोणते?

हिंगोलीकडच्या एखाद्या जुन्या दप्तरातून निजामी अमदानीतले उर्दू खरेदीखत निघते. मराठी करणारा लिहितो, 'किंमत ७० रुपये.' झाले! एक शब्द गळाला आणि दहा रुपये वाढले. मुळात होते '७० रुपये हाली'.

वाचकहो, हैदराबाद संस्थानचे नाणे वेगळे होते. त्यावर चारमिनार, आणि नाव हाली सिक्का, म्हणजे चालू नाणे. इंग्रजी रुपया तो कलदार, यंत्रावर पाडलेला. पुढे हालीही यंत्रावरच पडू लागला, पण नाव चिकटले ते चिकटले! पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेले की कलदारच चाले. सात हालीचे सहा कलदार हा हिशेब. ७० चे ६० सुटतात. पण एकाच हालीचे करू जाल तर तेरा आणे आठ पै, आणि वर पैचे चार सप्तमांश!

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९५० मध्ये भारतीय रुपया आला. हाली त्यानंतरही काही वर्षे रेंगाळला. १९५७ मध्ये नवे पैसे आले, म्हणजे आण्यांचेही भाषांतर.

माझ्या मते 'हाली' तसाच ठेवावा, कंसात 'कलदार ६०' लिहावे. आजच्या रुपयांत मात्र आणू नये. मग ते खत त्या काळाचे उरत नाही.

गंमत अशी, की १९८६ च्या 'झेल्डा' या जपानी व्हिडिओ खेळातले चलनही 'रुपी'च. दिसायला रंगीत खडा. मराठीत त्याला 'रुपया' म्हटले, तर मुले खडा सोडून नाणे शोधत बसतील.