ताटातली पोळी कमी करताना

पहाटेचे साडेचार वाजले होते. पुण्यातील एका जैन कुटुंबातले साठी ओलांडलेले गृहस्थ घामाने चिंब होऊन अंथरुणावर उठून बसले. हात थरथरत होते, छातीत धडधडत होते आणि पत्नीच्या प्रश्नाला नीट उत्तर देणेही त्यांना जमत नव्हते. मुलाने घरातील ग्लुकोमीटरवर रक्त तपासले. आकडा आला ५८. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की तो धोक्याचा इशारा मानतात. मुलाने ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून पेला पुढे केला. पण गृहस्थांनी मान हलवली. आदल्या सायंकाळी त्यांनी चौविहाराचे पच्चक्खाण घेतले होते आणि नवकारशीला अजून तीन तास होते.

घरात क्षणभर कोणीच बोलेना. शेवटी घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्ती, गृहस्थांची आई, पुढे झाली. "अरे, पच्चक्खाणात आगार असतो. आधी हे पी, पुढचं महाराजसाहेबांना विचारू," ती म्हणाली. पंधरा मिनिटांनी आकडा ९० च्या वर गेला आणि घराने सुटकेचा श्वास सोडला.

चूक कोठे झाली होती? गृहस्थ मधुमेहाचे जुने रुग्ण. एका स्नेह्याने दिलेला 'कमी कर्बोदकांचा' तक्ता त्यांनी मोठ्या निर्धाराने पाळायला घेतला होता. पाच दिवस पोळी आणि भात जवळजवळ बंद होता. साखर उतरवणारी गोळी मात्र पूर्वीच्याच मात्रेत, पूर्वीच्याच वेळी चालू होती. आहार बदलला, पण औषधाचा हिशेब बदलला नाही. तक्ता वाईट नव्हता. तो सुरू करण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न विचारले गेले नव्हते.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेले १३ कोटींहून अधिक आहेत. आपल्या आहारातील ऊर्जेचा साठ टक्क्यांहून अधिक वाटा कर्बोदकांतून, म्हणजे मुख्यतः धान्य आणि साखर यांतून येतो. त्यामुळे 'पोळी-भात कमी करा' हा सल्ला घरोघरी ऐकू येऊ लागला आहे. तो ऐकणाऱ्या कुटुंबाला पडणारे नेहमीचे प्रश्न येथे क्रमाने पाहू.

'कमी' म्हणजे नेमके किती?

ही कल्पना नवी नाही. लंडनमधील विल्यम बँटिंग या गृहस्थाने १८६३ साली आपल्या स्थूलतेवर एक पुस्तिका लिहिली आणि पाव, साखर, बटाटे सोडून वजन कसे उतरवले ते सांगितले. १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी मधुमेहाच्या रुग्णाला धान्य आणि साखर तोडण्यावाचून फारसा उपायच नव्हता.

आज साधारणपणे दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असतील तर त्या आहाराला 'लो-कार्ब' म्हणतात. २० ते ५० ग्रॅमपर्यंत उतरणारा आहार म्हणजे 'कीटो'. हे दोन वेगळे आहेत. पहिला बहुतेकांना घरच्या स्वयंपाकातून साधता येतो. दुसरा वैद्यकीय देखरेखीवाचून करू नये.

आपल्या ताटात कर्बोदके असतात कोठे?

तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत सुमारे २० ग्रॅम, शंभर ग्रॅम शिजलेल्या भाताच्या वाटीत सुमारे २८ ग्रॅम, आणि वाटीभर वरणात साधारण १५ ग्रॅम कर्बोदके असतात. दिवसभरात ८ पोळ्या, २ वाट्या भात, २ वाट्या वरण, एक केळे आणि दोन-दोन चमचे साखरेचे ३ कप चहा एवढा साधा आहार धरला, तरी बेरीज तीनशे ग्रॅमच्या घरात जाते. यात मिठाई किंवा फरसाण धरलेलेच नाही.

येथे दोन गैरसमज आढळतात. पहिला भाकरीविषयी. ज्वारी, बाजरी, नाचणी यांत तंतुमय भाग चांगला असतो, त्यांची साखर रक्तात थोडी सावकाश उतरते. पण कर्बोदकांच्या मोजणीत ती गव्हाच्या जवळपासच आहेत. पोळीऐवजी तेवढीच भाकरी खाल्ली, तर आहार बदलला, कर्बोदके कमी झाली नाहीत. दुसरा गैरसमज गुळाविषयी. गूळ, खडीसाखर, खजूर ही सारी एकाच कुळातली. शरीराच्या खतावणीत ती साखरेच्याच खात्यावर पडतात.

पोळी काढली, तर तिच्या जागी काय?

पाश्चात्त्य पद्धतीचे तक्ते येथे उपयोगी पडत नाहीत. त्यांत अंडी, मासे, अळंबी आणि भाताच्या जागी किसलेला फ्लॉवर असतो. अंडी, मासे, अळंबी तर जैन घरात वर्ज्यच. फ्लॉवरही जीवजंतूंच्या भीतीने अनेक जण टाळतात. याउलट एक सोय आपल्याकडे आधीपासूनच आहे. बटाटा, रताळे, बीट ही पिष्ट किंवा साखर अधिक असलेली कंदमुळे आपल्या ताटात मुळातच नसतात.

खरी उणीव प्रथिनांची पडते. पोळ्या कमी केल्या की त्यांच्याबरोबर येणारी थोडी प्रथिनेही जातात आणि माणूस दुधी-दोडक्याच्या भाजीवर दिवस काढू लागतो. वजन उतरते, पण त्यात स्नायूही झिजतात. साठीनंतर ही झीज भरून काढणे फार कठीण असते. भारतीय शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात.

त्यासाठी घरात पुष्कळ साधने आहेत. शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम, ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७ ग्रॅम आणि तेवढ्याच कच्च्या मूगडाळीतही ७ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. सोयाबीनच्या वड्यांत तर वजनाच्या निम्म्याहून किंचित अधिक भाग प्रथिनांचा असतो. सकाळी मुगाच्या डाळीची दोन पातळ धिरडी. दुपारी एक पोळी, भरपूर पालेभाजी किंवा भेंडी, पनीर आणि दही. मधल्या वेळी मूठभर शेंगदाणे किंवा बदाम व अर्धे सफरचंद. सायंकाळी एक पोळी, वाटीभर डाळ, तोंडली किंवा कोबीची भाजी. एवढ्यात कर्बोदके सव्वाशे ग्रॅमच्या आत राहतात आणि प्रथिनांची बेरीजही जमते. ज्या घरी द्विदलाचा नियम पाळतात, तेथे डाळ आणि कच्चे दही असे वेगवेगळ्या वेळच्या जेवणांत विभागलेले सोयीचे पडते. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य असतील, तर दुधी, पडवळ, दोडका, घेवडा, कारली आहेतच.

बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी मात्र विसरू नये. शाकाहारात ते मुख्यतः दुधातूनच मिळते आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये ते आणखी घटू शकते.

पहिल्या आठवड्यात वजन भराभर उतरते आणि थकवाही येतो, असे का?

यकृत आणि स्नायू यांत शरीर साखरेचा थोडा साठा ठेवते. त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेले असते. कर्बोदके घटली की हा साठा खर्च होतो आणि पाणी निघून जाते. म्हणून पहिल्या आठवड्यात उतरलेले दोन किलो हे बव्हंशी पाणी असते, चरबी नव्हे. त्याने हुरळून जाऊ नये आणि पुढे वेग मंदावला म्हणून निराशही होऊ नये.

पाण्याबरोबर मीठही जाते. डोके दुखणे, चक्कर, पायात गोळे येणे ही त्याची लक्षणे. पुरेसे पाणी, मीठ घातलेले ताक किंवा भाज्यांचे सूप यांनी ती बहुधा काही दिवसांत ओसरतात. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर मीठ वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. बद्धकोष्ठ झाल्यास भाज्या, जवस आणि पाणी वाढवावे.

तूप हवे तेवढे चालते का?

नाही. एक ग्रॅम कर्बोदकांतून ४ उष्मांक मिळतात, एक ग्रॅम तुपातून ९. पोळ्या सोडून वाट्यांनी तूप घेणाऱ्याचे वजन उतरत नाही आणि काहींच्या रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते. आहार सुरू करण्यापूर्वी आणि तीन महिन्यांनी कोलेस्टेरॉलची तपासणी करून घेतलेली बरी. शेंगदाणा, तीळ, बदाम, जवस यांतील स्निग्धता तुपापेक्षा अधिक हितकर ठरते.

औषधे चालू असतील तर?

सर्व प्रश्नांत हा पहिला विचारायचा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन हे जेवणातून येणाऱ्या साखरेचा अंदाज धरून ठरवलेले असतात. जेवणातली साखर निम्म्यावर आली आणि औषध तेवढेच राहिले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते. त्या पहाटे घडले ते हेच. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गातील गोळ्यांचा धोका वेगळा आहे: कर्बोदके फार कमी झाल्यास रक्तातील आम्लता घातक प्रमाणात वाढू शकते, आणि त्या वेळी साखरेचा आकडा फारसा चढलेला नसल्याने फसगत होते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणे दिसली तर थेट रुग्णालय गाठावे. रक्तदाबाच्या गोळ्यांचीही मात्रा काहींना कमी करावी लागते.

मात्रा किती कमी करायची हे डॉक्टरच ठरवू शकतात. रुग्णाने स्वतःच्या मनाने गोळी सोडणे तितकेच घातक आहे. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या माता, वाढत्या वयाची मुले, बालपणापासून इन्सुलिनवर असलेले रुग्ण, मूत्रपिंडाचे वा स्वादुपिंडाचे विकार असलेले, यांनी हा प्रयोग स्वतःहून करू नये.

चौविहार, उपवास आणि आयंबिल यांचे काय?

सूर्यास्तापूर्वी जेवण्याची सवय या आहाराला पूरकच आहे. परंतु हिवाळ्यात सायंकाळी सहापासून नवकारशीपर्यंत तेरा-चौदा तास पोटात काही जात नाही. सायंकाळच्या जेवणातील पोळ्या कमी करणाऱ्या मधुमेही व्यक्तीने हे अंतर डॉक्टरांना आवर्जून सांगावे; इतर रुग्णांचे वेळापत्रक असे नसते, त्यामुळे ते आपणहून विचारतीलच असे नाही.

चैत्र आणि आश्विन महिन्यांतील आयंबिलाच्या ओळीत दूध, दही, तूप, तेल आणि हिरव्या भाज्या वर्ज्य असतात. उरते ते धान्य आणि कडधान्य. त्या नऊ दिवसांत कमी कर्बोदकांचा आहार जमणार नाही, हे प्रांजळपणे मान्य करावे. दोन्ही एकदम ओढण्यापेक्षा ओळी झाल्यावर आहार पुन्हा सुरू करावा. मात्र ओळीत प्रवेश करताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा औषधाची मात्रा तपासून घ्यावी. उपवास, एकासणे, वर्षीतप यांनाही हाच नियम लागू.

आणि पच्चक्खाण? सूत्रांतच आगार, म्हणजे सवलती, सांगितलेल्या आहेत. तीव्र पीडेत चित्ताची समाधी टिकावी यासाठी औषध घेण्याची सवलत त्यांपैकी एक आहे. पहाटे साडेचारला, हात थरथरत असताना, या विषयावर विचार करण्याची वेळ येऊ नये. मधुमेही साधकाने गुरुमहाराजांशी आधीच बोलून घ्यावे आणि त्यांचे उत्तर घरातील सर्वांना ठाऊक असावे.

गुण येतो का आणि किती दिवस करावे?

अमेरिकन मधुमेह संघटनेच्या २०१९ च्या अहवालात, रक्तातील साखर सुधारण्यासाठी कर्बोदके कमी करण्याच्या बाजूने सर्वाधिक पुरावा असल्याचे म्हटले आहे. वजनाच्या बाबतीत चित्र अधिक समतोल आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ प्रौढांवर वर्षभर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमी कर्बोदके घेणाऱ्यांचे वजन सरासरी ६ किलो उतरले, कमी स्निग्ध पदार्थ घेणाऱ्यांचे ५.३ किलो. हा फरक लक्षणीय नव्हता. याचा अर्थ सरळ आहे: जो आहार आपल्या घरात वर्षानुवर्षे टिकेल, तोच आपल्यासाठी योग्य. आठ पोळ्यांवरून एका दिवसात शून्यावर येणारा महिन्याभरात पुन्हा आठवर जातो. दर आठवड्याला एक पोळी कमी करणारा बहुधा टिकतो.

पुण्यातील त्या घरी पुढे काय झाले? दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी सायंकाळची गोळी बदलली आणि पंधरा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ साखर लिहून ठेवण्यास सांगितले. सुनेने स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक वही टांगली. तीत ताटातल्या पोळ्या, गोळीची वेळ आणि साखरेचा आकडा एकाच ओळीत येतात. महाराजसाहेबांचे उत्तर आईने स्वतः जाऊन आणले. गृहस्थ आता दिवसाला दोन पोळ्या खातात, चौविहार चालूच आहे आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल पूर्वीपेक्षा चांगला आला आहे. उशाशी मात्र साखरेची एक छोटी डबी ठेवलेली असते. ती उघडण्याची वेळ त्यानंतर आलेली नाही.